कुठला कॉन्झुम?

मिटेलरोडाच्या स्टेशनावर उतरल्या उतरल्या हाइड्रुनने समोर दिसलेल्या पहिल्याच बाईला विचारलं, "कॉन्झुम कुठे आहे हो?" त्या बाईने तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हिने एखाद्या मेलेल्या माणसाचा पत्ता विचारला होता. "आता कुठला कॉन्झुम," असं पुटपुटून ती आपली चाकांची पिशवी खडखडवत निघून गेली.

हाइड्रुन तिच्या पाठीकडे बघत राहिली. कॉन्झुम म्हणजे पूर्वेकडच्या गावोगावचं सहकारी किराणा दुकान, एवढं तिला नवऱ्याकडून ठाऊक होतं. रस्ता विचारायची तिला कधीच लाज वाटली नाही. ती लाज तिच्या नवऱ्याला होती. एकहार्ट गाडी चालवत इटलीपर्यंत चुकेल, पण काच खाली करून कुणाला विचारणार नाही. त्यातून हे गाव तर त्याच्या जन्माचं. एकोणिसाव्या वर्षी तो इथून पश्चिमेकडे पळाला, बर्लिनची भिंत उभी राहायच्या एक वर्ष आधी. मग कासेलमध्ये हाइड्रुनशी लग्न केलं, तीन मुलगे झाले, सुना आल्या. सगळ्यांना तो सांगत असे की मिटेलरोडात मला डोळे बांधून सोडा. फेब्रुवारीत तो गेला. ईस्टर झाल्यावर फोन आला.

"मी गेर्लिंडे."

"कुठली गेर्लिंडे?" हाइड्रुनने मुद्दाम विचारलं. तीस वर्षं जिने तोंड दाखवलं नाही, भावाच्या मातीला आली नाही, त्या नणंदेने एवढं तरी ऐकून घ्यायलाच हवं होतं.

मग गेर्लिंडे म्हणाली, "रेनश्टाइग राहिलाय. त्याच्याबरोबर चालायचा होता. आता तू चल. पेंटेकॉस्टच्या शनिवारी, दहाला, कॉन्झुमसमोर. या खेपेला कुणी आलं नाही, तर मी परत फोन करायची नाही." आणि खाड्‌कन ठेवला.

ते "या खेपेला" हाइड्रुनच्या काळजात रुतून बसलं, जणू मागच्या खेपेला एकहार्टच आला नव्हता. सीमा उघडल्यानंतरच्या, नव्वद सालच्या वसंतात गेर्लिंडे कासेलला आली होती. भावंडं रात्रभर हसली, रडली, आणि ठरलं की लहानपणी बापाबरोबर जी अर्धी राहिली ती रेनश्टाइगची डोंगरमाथ्याची वाट आता दोघांनी पुरी करायची. पेंटेकॉस्टच्या सणाला, कॉन्झुमसमोर भेटायचं. एकहार्ट नवे बूट घालून पहाटे गाडी घेऊन निघाला आणि संध्याकाळी एकटाच परत आला. बूट तळघरात भिरकावले. "आली नाही," म्हणाला. "दुपार उलटेपर्यंत उभा होतो. शेवटी त्या पाण्याच्या आवाजाने डोकं उठलं." मग तिने फोन केला नाही, याने पत्र टाकलं नाही. दोघं एकाच बापाची. ताठ मानेचं वाण त्या घरात कधी कमी पडलं नव्हतं.

म्हणून हाइड्रुन एक दिवस आधीच आली होती. जागा आधी डोळ्यांनी बघून ठेवायची, उद्या तिथे वेळेआधी जाऊन उभं राहायचं, आणि नणंदेला बोलायला जागा म्हणून ठेवायची नाही. निदान मेलेल्या नवऱ्यावरचा एवढा डाग पुसून मग जे काय चालायचं ते चालू.

तिने खोली घेतली होती ती नोटनागेलबाईंकडे, बाजारचौकामागे. नोटनागेलबाई म्हणजे आडवा बांधा, तांबडे हात आणि पायरीवर उभं राहूनच सगळं जग चालवायची सवय. चावी देतानाच त्यांनी हाइड्रुनचे बूट न्याहाळले.

"रेनश्टाइग?"

"हो. उद्या."

"वेरा नदीतून खडा घेणार ना? लहान घ्या. वेरातला खडा शेवटपर्यंत खिशात बाळगायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक. तरी दर वर्षी कुणीतरी अंड्याएवढा उचलतं आणि मग डोंगरावर बसून कुरकुरतं."

"खड्याचं बघू. मला आधी कॉन्झूऽम बघायचाय."

नोटनागेलबाई हसल्या. पोट हललं, तोंड नाही. "कासेलच्या ना तुम्ही? तुमच्याकडे त्या शब्दाचा शेवट ओढतात. इथे जोर पुढे. कॉन्झुम. ढकलगाडी मागून ढकलल्यासारखं म्हणू नका, लोकांना कळायचं नाही."

"कॉन्झुम," हाइड्रुन म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कुणी बोलायला शिकवावं हे तिला आवडलं नाही, पण काम तिचं होतं.

"झालं. सरळ जा लेनिन रस्त्याने, स्टेशनापर्यंत. डाव्या हाताला."

"मी आले तो तर स्टेशन रस्ता होता."

"तोच."

"पाटीवर स्टेशन रस्ता लिहिलंय."

"पाट्यांचं काय घेऊन बसलात, पाट्या बदलतात," नोटनागेलबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

म्हणजे मघाशी ज्या बाईला विचारलं, ती कॉन्झुमच्या पुढ्यात उभी राहूनच कुठला कॉन्झुम म्हणाली होती. हाइड्रुन आल्या वाटेने परत गेली. चौकात मेपोल, मे महिन्याच्या सणाचा उंच खांब, अजून उभा होता, वरच्या फांद्या सुकून तपकिरी झालेल्या. स्टेशनाशेजारी एक लांब, बसकी, सपाट छपराची इमारत होती, मघाशी तिच्याकडे लक्ष जावं असं काही नव्हतंच तिच्यात. अर्ध्या भागात बहिऱ्यांच्या यंत्रांचं दुकान, अर्ध्या भागात कबाबवाला. कॉन्झुम असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. समोर एक माणूस निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होता.

हाइड्रुनने एक घेतलं. पावातून दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेलं, वर मोहरीची चटणी. "केचप मिळेल?" तिने सहज विचारलं.

"मिळेल ना. शेजारच्या गावात," तो म्हणाला.

दोन घास खाल्ल्यावर तिने विचारलं, "हाच का हो कॉन्झुम?" जोर पुढे दिला होता.

त्याचा चेहरा लगेच मऊ झाला. "होता. छपरावर लाल अक्षरं होती, माणसाएवढी. रात्री पेटायची, त्यातला मधला 'एन' मात्र कधी पेटला नाही. तुम्ही कुणाच्या?"

"गेर्लिंडे हाइनेमानची भावजय."

त्याने चिमटा खाली ठेवला. "त्या पळून गेलेल्या भावाच्या बायको?"

"गेला होता. पळून मुलं जातात, बोरं चोरल्यावर."

"बरं, गेलेल्या," तो म्हणाला. "आजी, रागावू नका. पण त्या भावाने फार वाईट केलं. मी तेव्हा एवढासा, इथे सायकल शिकत होतो. सुट्टीचा दिवस, दुकान बंद, आणि तुमची नणंद तिथे उभी, त्या दारात. नवी पाठपिशवी, नवी काठी. मी तिच्याभोवती गोल गोल फिरलो, सकाळभर. मग घरी जाऊन जेवून आलो तरी ती तिथेच. माझ्या आईने तिला कॉफी नेऊन दिली, तर म्हणाली, नको, तो आला की आम्ही वाटेत पिऊ. आख्ख्या गावाने पाहिलंय हो. अजून कुणी वेळ पाळली नाही तर इथे म्हणतात, हा हाइनेमानचा भाऊ."

हाइड्रुनच्या हातातल्या सॉसेजची मोहरी पायावर सांडली. तिला कळलंही नाही.

"तो आला होता," ती म्हणाली.

"इथे?"

"कॉन्झुमसमोर."

"आजी, मी इथेच होतो," तो म्हणाला. आणि हे त्याने इतक्या हळू म्हटलं की हाइड्रुनला त्यापेक्षा कुणी थोबाडीत दिलेली बरी वाटली असती.

ती तिथून निघाली ती कुठे निघाली हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. गेर्लिंडे उभी होती. आख्खं गाव साक्षीला होतं. मग एकहार्ट कुठे होता? पहाटे निघाला, संध्याकाळी आला. मधला दिवस कुणाकडे गेला? तो खोटं बोलत नसे. पण खोटं न बोलणारा माणूस एकदा बोलला तर ते सापडणार तरी कसं? एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलेल्या पोराचं गावात कुणीतरी असणारच. कुणी होती का? आणि तिची गाठ घ्यायला बहिणीचं निमित्त केलं का? तीस वर्षं गेर्लिंडेला जेवणाच्या टेबलावर शिव्या दिल्या त्याने, हाइड्रुनने त्याला वाढून वाढून त्या शिव्यांना हो म्हटलं. आता तो जमिनीखाली होता आणि तिथे जाऊन विचारायची सोय नव्हती.

ती डावीकडे वळली, मग देवळाच्या मागून गेली, मग पुन्हा त्याच चौकात त्याच मेपोलपाशी आली. एका म्हाताऱ्याला तिने विचारलं, गावात आणखी कॉन्झुम होता का. तो म्हणाला, "दुधाचा की मासळीचा?" त्याच्या बायकोने त्याला ढोसलं, "मासळीचा नव्हता रे, भाजीचा होता." "भाजीचा वरच्या वेशीपाशी." "वरच्या वेशीपाशी रशियनांचं दुकान होतं." हाइड्रुन दोघांना तिथेच भांडत सोडून पुढे गेली. हे गाव होतं का भूलभुलय्या? घरं सगळी सारखी, लाकडी चौकटींची, खिडकीत तांबडी जिरेनियमं. रस्त्यांना प्रत्येक माणसाचं नाव वेगळं. जो तो तिला हात करून वाट दाखवत होता आणि प्रत्येक हात दुसरीकडे.

एका उताराच्या गल्लीत ती थांबली, दम खायला. गल्ली अरुंद होती. एका बाजूला केस कापायचं दुकान, काचेत तीन गुलाबी टोप. तिने भिंतीला हात टेकला आणि तेव्हा तिच्या कानावर आवाज आला. आधी वाटलं डोक्यातच आहे. मग कळलं, पायाखाली आहे. गल्लीच्या कडेने, दगडी कठड्याखालून, जुन्या गिरणीचा पाट वाहत होता. पाणी एवढंसं, पण भिंतींमध्ये अडकून असं धबधबत होतं की दुसरं काही ऐकू येईना.

त्या पाण्याच्या आवाजाने डोकं उठलं.

हाइड्रुनने मान वर केली. केसांच्या दुकानाच्या पाटीच्या वरच्या बाजूला, पोपडे धरलेल्या गिलाव्यात, फिकट हिरवी अक्षरं होती. पहिली दोन पुसलेली, पुढची वाचता येणारी. उरलेली माणूस मनाने लावतो.

ती दुकानात शिरली. आत एक तरणी बाई कुणाच्या तरी केसांना कागद गुंडाळत होती.

"इथे कॉन्झुम होता?"

"जुना," ती बाई वर न बघता म्हणाली. "माझ्या आजीच्या वेळचा. नवा स्टेशनापाशी झाला, मग हा बंद पडला. बसा, पाचच मिनिटं."

"बसायला नाही आले," हाइड्रुन म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

असा सगळा प्रकार होता तर. एकहार्टच्या डोक्यात कॉन्झुम एकच, साठ सालचा, या गल्लीतला. आई दूध आणायला पाठवायची तो. तो वरच्या रस्त्याने गाडी घेऊन आला असणार, सरळ इथे उतरला असणार, वर बघितलं, अक्षरं दिसली, झालं. बंद खिडक्या दिसल्या असतील, तर सुट्टी आहे असं वाटलं असेल. कुणाला विचारणार? स्वतःच्या गावात? आणि गेर्लिंडेच्या डोक्यात कॉन्झुम एकच, स्टेशनचा, लाल अक्षरांचा. तिला काय माहीत की भावाच्या डोक्यात गाव तिथेच थांबलंय. दोघं एकाच शब्दासमोर उभी होती, मध्ये देऊळ आणि चौक.

हाइड्रुनला हसू आलं. मग तिला रडू आलं. केस कापणारीने न विचारता तिला पाण्याचा ग्लास दिला. म्हाताऱ्या बायका खुर्चीत बसून रडतात याची तिला सवय असावी.

तो खोटं बोलला नव्हता. एवढं मनाशी पक्कं करून ती बाहेर पडली, आणि दहा पावलांवर दुसरा घोटाळा तिच्यासमोर उभा राहिला. उद्या कुठे उभं राहायचं?

"स्टेशनच्या कॉन्झुमसमोर," नोटनागेलबाई संध्याकाळी सगळं ऐकून म्हणाल्या. त्या पायरीवर बटाटे सोलत होत्या. "गेर्लिंडे नव्वद साली तिथे उभी होती. कॉन्झुम म्हणजे तिच्यासाठी तोच."

"तिला एकदा विचारूनच घेते." हाइड्रुनने फोन काढला. घंटा वाजत राहिली.

"किती वाजले? सात होऊन गेले? मग सोडा. सातनंतर ती कानातलं यंत्र काढून ठेवते. तिच्या उशाशी तोफ डागली तरी उठायची नाही. आणि सकाळी पहिल्या बसने ती हल्ली राहते त्या खेड्यातून निघणार."

"मोबाईल?"

"आहे. कपाटात. अडीनडीला लागेल म्हणून बंद करून ठेवलाय."

हाइड्रुनने फोन पर्समध्ये टाकला. नोटनागेलबाईंनी एक बटाटा हातात फिरवला. "पण एक विचारू? तुम्हाला आज कळलं की दोन आहेत. तिला कळलंच नसेल कशावरून? ती तर इथलीच."

"कळलं असतं तर तिने फोन केला असता."

"हाइनेमानांपैकी कुणी?" असं म्हणून नोटनागेलबाईंनी बटाटा पाण्यात टाकला.

शनिवारी हाइड्रुन स्टेशनाकडे निघाली ती मनाशी पक्कं करून. नणंद जिथे ताटकळली, तिथेच आपण ताटकळायचं. एवढा मान तिला द्यायचा. ती बहिऱ्यांच्या दुकानाच्या दारात उभी राहिली, पिशवी पायाशी, पाठ सरळ. देवळाची घंटा दहा वाजल्याचं सांगून गेली. बस आली, गेली. सॉसेजवाला निखारे फुलवत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता, त्यावरून तिला कळलं की तो दुसरं काही बघतच नाहीये.

गेर्लिंडे आली नाही. जर्मनीत माणूस मरायला उशीर करील, पण भेटायच्या वेळेला नाही. म्हणजे ती दुसरीकडे होती. किंवा बस चुकली. किंवा तिने काल रात्री ठरवलं असेल की आता न यायची पाळी आपली, आता ते उभे राहू देत. हाइड्रुनला तिन्ही गोष्टींवर विश्वास बसत होता. इथून हललं आणि ती इथे आली, तर पुन्हा तेच. नाही हललं आणि ती तिथे असली, तरी तेच. एकहार्ट बरा, त्याला दुसरी जागा आहे हेच माहीत नव्हतं. माहीत नसणाऱ्याला निदान एका जागी उभं राहता येतं.

तिने पिशवी उचलून सॉसेजवाल्यापुढे टाकली. "हिच्याकडे बघ. नणंद आली तर म्हणावं, भावजय आलीये, पळून गेलेली नाही. बसव तिला इथे. गरज पडली तर बांधून ठेव."

"कशाने बांधू, आजी? सॉसेजने?"

"तुझं तूच बघ."

ती निघाली. चौकातून, देवळामागून, उतारावरून. एकदा चुकली, एकदा परत फिरली, आणि मग पाण्याचा आवाज आला.

पुसट अक्षरांखाली गेर्लिंडे उभी होती. वाळलेली, उंच, केस अगदी बारीक कापलेले. पाठीवर जुनी कापडी पिशवी. हातात काठी, दोन्ही हात काठीवर. हाइड्रुन समोर येऊन धापा टाकत थांबली तरी तिने हात काढले नाहीत.

"उशीर," गेर्लिंडे म्हणाली. "लग्न करून त्याचीच सवय लागली तुला."

"मी वेळेवर होते. स्टेशनावर. तुझ्या कॉन्झुमसमोर."

"माझा कुठला आलाय?"

"जिथे तू उभी होतीस तो. मी म्हटलं, तुझ्यासाठी तिथे उभं राहावं."

"आणि मी म्हटलं, तू त्याची बायको. तुला त्याने हाच सांगितला असणार." गेर्लिंडेने काठीने गिलाव्याकडे दाखवलं. "एकहार्टचा हा."

हाइड्रुन बोलायला गेली आणि थांबली. पाण्याचा आवाज मध्ये पडला. मग तिने ते वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं.

"एकहार्टचा हा, हे तुला कसं माहीत?"

गेर्लिंडे खाली पाटाकडे बघू लागली.

"गेर्लिंडे. कानात घातलंयस ना ते? तुला कसं माहीत?"

"मी इथेच केस कापून घेते," गेर्लिंडे म्हणाली. "त्या पोरीने दुकान घेतलं, भिंत रंगवायची होती. मी खुर्चीत, डोकं ओलं. मला विचारते, अक्षरं पुसू का ठेवू. मी म्हटलं, कुठली अक्षरं? तशीच ओल्या डोक्याने बाहेर आले, वर बघितलं. मग परत आत जाऊन म्हटलं, ठेव."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"तो होता तेव्हा?"

"होता."

"तुझ्याकडे फोन होता."

"होता."

"मग?"

"मग काय मग. रोज म्हणायचे, उद्या करीन. इतकी वर्षं गावभर त्याचं नाव खराब केलेलं, आता कुठल्या तोंडाने करू? म्हटलं, त्याने करावा. तो थोरला."

"त्याला माहीत नव्हतं."

"विचारायचं होतं एकदा. गेर्लिंडे, का नाही आलीस, एवढंच."

"तू विचारायचं होतंस."

"हो," गेर्लिंडे म्हणाली. काठीवरचे हात मात्र जागचे हलले नाहीत.

हाइड्रुनला वाटलं, हिला या पाटात ढकलून द्यावी. त्याच वेळी असंही वाटलं की हिच्या शेजारी त्या कठड्यावर बसावं आणि पुन्हा उठूच नये. तो फेब्रुवारीत गेला तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिला म्हणाला होता, बहीण कशी माणसाला विसरते गं. हे हिला सांगायचं की नाही? सांगितलं तर काय मिळेल? नाही सांगितलं तर कुणाला वाचवलं? तिला काहीच ठरवता येईना. आपल्याला राग आलाय का दुःख झालंय, तेही धड कळेना. आयुष्यभर तिला या दोन गोष्टी कधी वेगळ्या करायला लागल्या नव्हत्या.

"माझी पिशवी स्टेशनावर आहे," ती म्हणाली आणि वळून चालू लागली.

मागून काठीचा आवाज आला. जवळ नाही, फार लांबही नाही. हाइड्रुनने मागे बघितलं नाही. उतार चढून ती देवळामागे आली, तिथे तीन वाटा फुटत होत्या. मघाशी कुठून आले? तिन्हींकडे लाकडी घरं, तिन्हींकडे तांबडी फुलं. विचारायला रस्त्यावर कुणी नव्हतं. एक होती, ती मागे थांबली होती. हाइड्रुन तिथे उभी राहिली, बराच वेळ. ज्याला काच खाली करता येत नसे, त्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली होती तिने.

"कुठून जायचं?" तिने न वळता विचारलं.

"डावीकडे."

"उजवीकडे काय आहे?"

"कबरस्तान. घाई असेल तर तिकडून जा."

हाइड्रुन डावीकडे गेली.

सॉसेजवाल्याने दोघींना एकामागून एक येताना बघितलं आणि शहाण्या माणसासारखं तोंड बंद ठेवलं. हाइड्रुनने पिशवी घेतली. स्टेशनात कासेलची गाडी लागली होती, दारं उघडी. बाहेर, रेनश्टाइग जिथून सुरू होतो त्या नदीकाठच्या हर्शेलची बस उभी होती, इंजिन चालू. हाइड्रुन दोन्हींच्या मध्ये उभी राहिली. गेर्लिंडे बसच्या दारापाशी थांबली होती, एक पाय पायरीवर, एक खाली, आणि ड्रायव्हर तिला म्हणत होता, "बाई, आत किंवा बाहेर, काहीतरी एक." ती हलली नाही. तिने हाइड्रुनला हाकही मारली नाही. मारली असती, तर कदाचित हाइड्रुन आगगाडीतच बसली असती.

गेर्लिंडेच्या बाजूने वाट काढत हाइड्रुन बसमध्ये चढली. खिडकीजवळ बसली, आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. गेर्लिंडे आत आली, सीटकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि वरचा दांडा धरून उभी राहिली. बस हलली. वळणावर ती बाकांवर आपटली, काठी खाली पडली, ती वाकून उचलायला गेली आणि पुन्हा आपटली. मागे बसलेलं कुणीतरी म्हणालं, आजींना जागा द्या.

हाइड्रुनने पिशवी उचलून मांडीवर घेतली. जड होती. सुनांनी भरली होती.

"बस," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"चार थांब्यांवर तर नदी आली," गेर्लिंडे म्हणाली. "एवढ्यासाठी कशाला?" आणि बसली.

बस स्टेशनमागच्या चढावरून गावाबाहेर पडली. मग गेर्लिंडेने हाइड्रुनच्या मांडीवरच्या पिशवीला एका बोटाने ढोसलं. "तीन स्वेटर?"

"चार."

"मे महिन्यात?"

"शेवटच्या आठवड्यात तो तुझं नाव घेत होता," हाइड्रुन म्हणाली.

गेर्लिंडेचं बोट पिशवीवरच राहिलं. "काय म्हणत होता?"

हाइड्रुन नणंदेच्या त्या बारीक कापलेल्या केसांकडे, त्या कानातल्या यंत्राकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर वाट लांब होती, आणि आज पहिलाच दिवस होता.

"चालताना सांगेन," ती म्हणाली.